वाकलेलं माप

आमच्या ब्रह्मपुरीकडे शिवायला टाकताना बाई अंगाचं माप देत नाही, मापाचं ब्लाउज देते. पिशवीत नवं कापड आणि त्याच्यावर घामाने विटलेलं, बगलेत उसवलेलं जुनं पोलकं. "याच्यासारखंच शिवजो," एवढं सांगून ती निघते.

पहिली काही वर्षं मी तसंच शिवलं. जुन्याचा खांदा अर्धा इंच उतरलेला असेल तर नव्याचाही उतरायचा. पुढच्या साली तेच नवं पोलकं मापाचं म्हणून पिशवीत परत यायचं. कुण्या शिंप्याने कधीकाळी केलेली चूक मी इमानेइतबारे पुढे चालवत होते.

मग स्वतः बेतायला लागले. खाली सतरंजीवर खाकी कागद, इंच टेप, पट्टी, पेन्सिल. सुरुवातीला वर्तमानपत्र वापरलं, पण त्याची शाई फिक्या कापडाला लागते आणि पावसाळ्यात ते इतकं सादळतं की रेघ सरळ राहत नाही. शिवणक्लासात शिकलेला हिशेब पाठ होता. छाती ३६ असेल तर तिचा चौथा भाग ९, वर सैलपणा आणि शिलाईची माया. सहावा भाग ६, तो मुंढा. बारावा भाग ३, ती गळ्याची रुंदी. सगळी बाई एका आकड्यातून निघते! पण ३६ छातीच्या दोन बायका शेजारी उभ्या केल्या, की डोक्यावर मोळ्या वाहिलेलीचे खांदे वेगळे आणि अंगणवाडीत बसणारीचे वेगळे.

अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकायला काढले. आपलं माप निवडायचं, नमुना कापडावर ठेवायचा, कापायचं. सोय मोठी, पण त्या कागदातली बाई ताठ उभी असते. आमच्या क्लासातल्या हिशेबातलीही तशीच उभी. ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती शेजारच्या मावशीने.

मावशी धानाच्या रोवणीला जाते, वाकून परे म्हणजे रोपं लावते. तिचं पोलकं मी मोठ्या हौशीने अंगावरून माप घेऊन, कागदावर बेतून शिवलं होतं. आरशासमोर एक सुरकुती नव्हती. आठ दिवसांनी ती चिखलाच्या पायांनी दारात उभी राहिली. "उभी राहिली का बराबर बसते वो बाई, वाकली का वर चढते. हातच पुढे जात नाही."

बगलेत ओढतंय म्हणजे मुंढा लहान झाला, असं मी धरलं आणि तो इंचभर खोल केला. पोलकं आणखीच बिघडलं. आता हात उचलला की कमरेची पट्टी थेट छातीपर्यंत सरकायची.

मावशीने मग पोलक्याच्या वर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला. आमच्याकडे बांधीत उतरलेल्या निम्म्या बायकांच्या अंगात असा शर्ट दिसतो. ऊन, चिखल, धानाची धारदार पाती, सगळ्याला तो पुरतो असं मी समजत होते. पण शर्टाची बाही हाताला अडवत कशी नाही, ते पाहायला तिचा एक फाटका शर्ट मागून आणला, बाही उसवली आणि माझ्या कागदी बाहीवर पसरली. माझ्या बाहीचा वरचा गोल टेकडीसारखा उंच. शर्टाचा पसरट, जणू शेताचा उतार. उंच गोलाची बाही हात खाली सोडला की सुरेख बसते, कारण ती खाली सोडलेल्या हातासाठीच कापलेली असते. पसरट गोलाची बाही हात आधीच थोडा उचललाय असं समजून कापलेली असते.

मुंढ्याचं कोडंही तेव्हाच सुटलं. सैल शर्टात मुंढा खोल चालतो. अंगासरशी पोलक्यात नाही. बाही अंगाला जिथे जोडली, तो सांधा बगलेपासून खाली गेला, की हात उचलताना बाजूची शिलाई आणि तिच्यामागे अख्खं पोलकं वर ओढलं जातं. म्हणजे मुंढा वर, बगलेजवळ घ्यायला हवा होता. मी नेमकं उलटं केलं होतं.

नवीन कागद घेतला. मावशीला म्हटलं, "परे लावता तशा वाका." मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप धरला. उभं असतानाच्या मापापेक्षा पाठ जवळजवळ दोन इंच लांब भरली. त्यातलं इंचभर पाठीच्या उंचीत घातलं, मुंढा वर उचलला, बाहीचा गोल खाली बसवून तिची रुंदी वाढवली. आधी मांजरपाटाचं कच्चं शिवून तिला अंगणात वाकायला लावलं, मग कापडाला कात्री लावली. आरशात ते पोलकं काही खास दिसलं नाही. हात खाली सोडला की बगलेखाली दोन चुण्या पडतात. त्या चुण्या म्हणजेच हात पुढे जायला ठेवलेली जागा.

आरमोरीकडचं टसर शिवायला आलं तरी मी कागदावर बेतल्याशिवाय हात लावत नाही. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचं ते रेशीम, कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात, म्हणून मायाही जास्त ठेवते. पण ते लग्नाचं पोलकं, तिथे उंच गोलाची बाहीच शोभते. त्या बाईला त्या दिवशी परे लावायचे नसतात.

आता भिंतीच्या खिळ्याला बेतलेल्या कागदांचे दोन जुडगे लटकतात. एकावर 'उभं' लिहिलंय, दुसऱ्यावर 'वाकून'. मावशी पोलक्याबद्दल चांगलं-वाईट काही बोलली नाही. पुढच्या साली आषाढाच्या तोंडावर नव्या सुनेला घेऊन आली. हातात कापड होतं, मापाचं ब्लाउज नव्हतं.

"हिचं माप घे," मावशी म्हणाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "वाक वो जरा."