शंभर टक्के पोर्तुगीज

परवा शनिवारी रात्री पावणेदोनला मी कालिकत घेतलं. एकही तोफ न डागता, एकही माणूस न गमावता. फक्त पैसे मोजून.

घाबरू नका मंडळी, गेमबद्दल बोलतोय. :-)

गेमचं नाव 'अनचार्टेड वॉटर्स : न्यू होरायझन्स'. कोएई या जपानी कंपनीने काढलेला, १९९४ मध्ये सुपर निन्टेंडो आणि सेगाच्या कन्सोलवर आलेला. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. असले कन्सोल आमच्या घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे होता तो नालासोपारा स्टेशनबाहेरून आणलेला टीव्ही गेम. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन वन' आणि आत खरे गेम सात! त्यामुळे कन्सोलवरचे स्ट्रॅटेजी गेम मी पहिल्यांदा खेळलो ते नोकरी लागल्यावर, लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून. लोक वीकएंडला लोणावळ्याला जातात, मी लिस्बनहून निघतो.

खेळ साधारण असा. काळ १५२० च्या दशकातला. सहा नायकांपैकी एक निवडायचा. मी पोर्तुगालचा जुआंव फ्रँको घेतला. सुरुवातीला एक जहाज, मूठभर खलाशी. इथे स्वस्त घ्यायचं, तिथे महाग विकायचं. पाणी संपलं की खलाशी मरतात, उंदीर धान्य खातात, वादळात शिडं फाटतात. पण एकदा भारतातून मिरी उचलून युरोपात विकायचं गणित जमलं की पैसा येतच राहतो. मग तोफा, मोठी जहाजं, दुसऱ्या देशांच्या आरमाराशी लढाया.

खरी गंमत मात्र लढाईत नाहीच. प्रत्येक बंदराच्या नावापुढे टक्के असतात. पोर्तुगाल इतके, स्पेन इतके, तुर्क इतके. तिथल्या बाजारात किंवा जहाजं बांधणाऱ्याकडे आपण सोन्याच्या विटा गुंतवत गेलो की आपल्या देशाचे टक्के वाढतात आणि बाकीच्यांचे उतरतात. शंभर झाले की बंदर आपलं. मला हा प्रकार भयंकर आवडतो. दिवसभर ऑफिसात एक्सेलच्या शीटमध्ये आकडे हिरवे करायचे आणि रात्री घरी येऊन तेच, फक्त समुद्रावर.

तर कालिकत शंभरवर गेलं आणि नेमके तेव्हाच पप्पा पाणी प्यायला उठले. (घरी आम्ही कादोडी बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितोय.)

"हे काय चाललंय?"

"कालिकत आपलं झालं, पप्पा."

"आपलं म्हणजे?"

"पोर्तुगालचं. शंभर टक्के."

पप्पा हसले. त्याला कारण आहे. कॉलेजपासून आजपर्यंत, आडनाव ऐकलं की हमखास येणारा प्रश्न म्हणजे "म्हणजे तुम्ही पोर्तुगीज का रे?" नाही हो. आम्ही सामवेदी ख्रिस्ती. इथलेच, वाडीतले. आमच्या गासचं चर्च ज्याच्या नावाचं आहे तो गोन्सालो गार्सियासुद्धा वसईतच जन्मलेला. पोरवयात धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संत झाला. या गेममध्येही जपानपर्यंत जाता येतं. पण वाटेत वसईला थांबता येत नाही. गोवा आहे, दीव आहे, वसई नाही. आपल्या गावाशेजारचं बंदर जिंकता येत नाही म्हणून मी आधी हिरमुसलो होतो, हे कबूल करतो.

पप्पांनी स्क्रीनकडे परत बघितलं. "आणि कालिकतवाले काय म्हणाले?"

"ते काही म्हणत नाहीत. पैसे घेतात."

"कशाला घेतात?"

"गेम आहे तो, पप्पा."

"हं. झोप आता. सकाळी मिस्सा आहे."

ते गेले झोपायला. मी मात्र तीनपर्यंत जागा. 'कशाला घेतात' हा प्रश्न गेममध्ये कुणी विचारतच नाही. बंदर कधी नाही म्हणत नाही आणि कधी गरजूही नसतं. पैसे टाकले की टक्के वाढले. वसई मात्र एकदा नाही, दोनदा कागदावर गेली. आणि दोन्ही वेळा सही करणाऱ्याची मान कुठेतरी अडकलेली होती.

पहिली वेळ २३ डिसेंबर १५३४. सही गुजरातच्या बहादूरशहाची. एका बाजूने हुमायूनची धास्ती, दुसऱ्या बाजूने पोर्तुगीज या किनाऱ्यावर जाळपोळ करून गेलेले. दोन्हीकडे लढायची ताकद नाही. मग त्याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला. सह्या झाल्या त्याही पोर्तुगीजांच्याच जहाजावर. वसई, तिची खाडी, आसपासची बेटं आणि त्यातच मुंबई, असं सगळं देऊन टाकलं. तीनच वर्षांत, १५३७ ला, बहादूरशहा दीवजवळ समुद्रात बुडून मेला. तेही पोर्तुगीजांना भेटून परतताना. वसई मात्र दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये किल्ला घेतला तेव्हा सुटली, तीही महिनोन् महिने वेढा घालून, सुरुंग लावून, हजारो माणसं गमावून. द्यायला एक सही पुरली होती.

दुसरी वेळ ३१ डिसेंबर १८०२. ऑक्टोबरात होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला हरवल्यावर दुसरा बाजीराव पळत पळत कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला आला. इंग्रज म्हणाले, गादी परत देतो, सही करा. सहा हजार कवायती फौज कायमची पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी लढाई नाही की बोलणी नाहीत. मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्यात गादीवर बसला खरा. १८१८ ला पेशवाईच संपली.

हे सगळं शाळेत होतं. सनावळ्या पाठ होत्या म्हणून मार्कही पडले. पण एक गोष्ट तेव्हा कुणी नीट सांगितली नव्हती, ती मी रविवारी मिस्सेनंतर वाचत बसलो तेव्हा सापडली. १५३४ च्या तहात फक्त जमीन नव्हती. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यायचं, पोर्तुगीजांकडून परवाना घ्यायचा आणि परतताना पुन्हा इथे थांबून जकात भरायची, असंही एक कलम होतं. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर जहाज पकडायचे. म्हणजे समुद्र तोच, जहाजं गुजरातचीच, माल गुजरातचाच. रस्ता तेवढा दुसऱ्याच्या हातात. माझ्या गेममध्ये राजा खूश झाला की आपल्याला करमाफीचा परवाना मिळतो. पण दुसऱ्याला त्याच्याच समुद्रात जायला परवाना विकायचा, ही सोय काही मला सापडली नाही. खऱ्या पोर्तुगीजांचं डोकं कोएईच्या प्रोग्रामरपेक्षा पुढे होतं म्हणायचं!

इथे मला घाम फुटला. कारण रस्त्याचं असंच एक कलम मी अलीकडेच कुठेतरी वाचलं होतं.

आता घरचं सांगतो. चार महिन्यांपूर्वी काकांची बायपास झाली. मेडिक्लेम कमी पडला, हॉस्पिटल रोज आकडा सांगत होतं. तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ आले. जमिनीचे व्यवहार करतात, नाव सांगत नाही. येताना शहाळी घेऊन आले, काकूंना धीर दिला आणि म्हणाले, पैशाची काळजी करू नका, आपलेच आहात. त्याच संध्याकाळी चार लाखांचा चेक आला. त्यासोबत एक इसारपावती. वाडीतले मागचे बावीस गुंठे. पप्पांनी सही करण्याआधी पावतीचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ बरोबर आहे का."

मी ऑफिसात होतो. संध्याकाळी रिलीज होता. मी फोटो उघडला, रक्कम बघितली, दुसरं पान सरकवलं आणि अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आमची पणजी सही करता येत नाही म्हणून अंगठा द्यायची. मी इंजिनिअर होऊन तेच केलं.

रविवारी जेवणाआधी पप्पांच्या कपाटातून ती पावती काढली. दर कमी आहे, ते एक सोडा. दुसऱ्या पानावर, कलम सात. उरलेल्या वाडीतून बारा फुटांचा कायमचा वहिवाटीचा रस्ता, विनामोबदला. ज्यांना आमची वाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे घर, मग सोनचाफा आणि केळी, मग बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी धरून ठेवतं, त्यावर वाडी शिंपायची, त्याच्यामुळे विहिरीला पाणी गोडं राहतं. वसईत कितीतरी बावखलं भरणी करून बुजवली गेली. आमचं अजून आहे. मागच्या बावीस गुंठ्यांपर्यंत जायला बारा फुटांचा रस्ता काढायचा तर तो बावखलाच्या अर्ध्या भागावरूनच जाणार. मग आज बावीस गुंठे, उद्या पाणी नाही म्हणून चाफा नाही, परवा उरलेली वाडी आम्ही स्वतःच विकायला काढणार. तेव्हा रस्ता कुणाचा असेल?

सातबारावर नावं आहेत सात. पप्पा, काका, तीन आत्या, आजी, आणि वारलेल्या मोठ्या काकांची मुलगी. प्रत्येकाचा हिस्सा. बघता बघता माझ्या डोळ्यांसमोर तो सातबारा कालिकतच्या स्क्रीनसारखा दिसायला लागला. नावापुढे टक्के. आणि आपण शंभर टक्के केल्यावर वाजणारं ते संगीत.

दुपारी सगळे बसलो. काका एकच वाक्य म्हणाले, "माझ्यापायी झालं." पप्पा म्हणाले, "तुझ्यापायी नाही. त्या वेळी मी दोन लाखांना पण सही केली असती." मी अंगठ्याचं सांगितलं. कुणीच काही बोललं नाही, ते जास्त लागलं. आजीने तेवढं विचारलं, "पैसे परत दिले तर कागद फाडतात ना?"

पावतीत लिहिलंय की आम्ही मागे फिरलो तर दुप्पट द्यायचे. म्हणजे आठ लाख. ऐरोलीला फ्लॅटसाठी मी पाच साठवलेत. चुलत बहीण दीड देते म्हणाली, बाकीचं कर्ज काढू. हे असंच करावं लागेल का, ते ओळखीच्या वकीलबाईंना कागद दाखवून विचारणार आहे. त्याच गृहस्थांना मी फोनही केला. ते अजिबात चिडले नाहीत. "अरे बसून बोलू, घाई काय आहे," म्हणाले. त्यांचा हा गोड आवाजच मला जास्त भीती घालतोय.

खरं सांगायचं तर मला ते वाईट माणूस वाटत नाहीत. त्यांनी पैसे आणले तेव्हा दुसरं कुणी आणले नव्हते. शनिवारी रात्री मी कालिकतला तेच करत होतो आणि मला केवढा आनंद झाला होता. फक्त माझ्या कालिकतमध्ये कुणाची बायपास नव्हती.

गेम काढून टाकलेला नाही. सेव्ह केलेला आहे, बहुतेक परत खेळेन. पण दरवेळी बाजारात विटा टाकताना पप्पा मागे उभे असल्यासारखे वाटणार, "कशाला घेतात?"

ते गृहस्थ उद्या संध्याकाळी साडेसातला घरी येणार आहेत. मी ऑफिसातून लवकर निघायचं ठरवलंय. विरार लोकलमध्ये चढायला मिळालं तर वेळेत पोचेन. आईने चहासाठी अर्धा लिटर दूध जास्त आणायला सांगितलंय. पावती मी तीनदा वाचलीय, उद्या ट्रेनमध्ये चौथ्यांदा वाचेन.

असो. कुणाला अशा इसारपावतीचा अनुभव असेल तर जरूर सांगा. भेटू पुढच्या वीकएंडला.