रिकामा पाट

शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. महेश मांजरेकरांचा त्यावरील चित्रपट २०१६ साली. बारडोलीत त्याचा खेळ ठरला आणि भित्तिपत्रकाचे काम आमच्याकडे आले. मुकुट, प्रकाशझोत, नाना पाटेकरांचा चेहरा असे सारे आम्ही ऐटीत रेखाटले. काकांनी ते निरखून विचारले, ‘‘यात अप्पा बेलवलकर कुठे आहेत?’’ राहते घर मुलांच्या नावे करून काका नुकतेच आमच्याकडे राहावयास आले होते. आम्ही चेहरा खोडला. काळ्या पार्श्वभूमीवर केवळ एक रिकामा पाट काढला. छापखान्यातला गुजराती कारागीर म्हणाला, ‘‘पाटलो? आमां हीरो क्यां?’’ आपल्या वडीलधाऱ्यांपैकी मात्र कोणी काही विचारले नाही. खेळाला काका आले नाहीत. उरलेले एक भित्तिपत्रक तेवढे त्यांनी मागून घेतले.