चूल पेटली होती का?

द्रव नायट्रोजनमधून काढलेली कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरायची आणि बर्फाचा शेवटचा बारीक खडा उरला की लगेच उचलायची. इथे घड्याळापेक्षा डोळा खरा. मग थेंबभर पेशींत ट्रिपॅन ब्लू मिसळून मोजणी: निळ्या झाल्या त्या मेलेल्या, लख्ख राहिल्या त्या जिवंत. या पेशी माणसाच्या यकृतातल्या. प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांतून आलेल्या. सोबतच्या कागदावर वय, लिंग आणि लॉट नंबर असतो. नाव नसतं.

नवं औषध माणसाच्या आधी या पेशींना देणं हे माझं काम. पेशी मेल्या तर औषध वाईट, जगल्या तर चांगलं, असं सुरुवातीला वाटायचं. हा भाबडेपणा पॅरासिटामॉलने मोडला. हेप-जी-टू या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या, सहज वाढणाऱ्या पेशी. त्यांना मी चांगली दणदणीत मात्रा दिली. दुसऱ्या दिवशी बघतो तर ढिम्म. यकृताला खरी इजा करतं ते पॅरासिटामॉलपासून तिथेच तयार होणारं रसायन, आणि ते तयार करणारी विकरं या पेशींत जेमतेम. चूलच पेटलेली नव्हती, तर धूर कुठून निघणार? साध्या प्लेटवर अस्सल पेशींतली चूलही काही दिवसांत विझत जाते. म्हणून आता आम्ही त्यांचे बारीक गोळे करून आठवडेच्या आठवडे सांभाळतो.

कारण काही विषं सावकाश चढतात. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बी झालेल्या १५ रुग्णांना फियालुरिडीन दिलं गेलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांनी धोक्याची सूचना दिली नव्हती. काही आठवड्यांनी ७ जणांची यकृतं निकामी झाली. ५ दगावले, दोघे प्रत्यारोपणाने वाचले. पुढे उलगडा झाला: माणसाच्या मायटोकाँड्रियाच्या पडद्यात हे औषध आत घेणारा एक वाहक असतो. उंदराच्या घराला ते दारच नव्हतं.

परवा प्रयोगशाळेतली नवी मुलगी प्लेट घेऊन आली. “सर, नवं औषध एकदम सेफ! सगळ्या पेशी जिवंत.”

“आणि पॅरासिटामॉलची रांग?”

ओळखीच्या विषाची एक रांग आम्ही प्रत्येक प्लेटवर ठेवतो. तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही.

“सर, त्याही जिवंत आहेत.”

प्लेट कचऱ्यात गेली. आम्ही नवी कुपी काढली.