खुंटीवरचा ग्लास

गेल्या फाल्गुनात तुरीची पोती टेम्पोत टाकून कळमन्याच्या यार्डात गेलो. लिलाव झाला, माप सुरू झालं. काट्यावरचा मापारी आमच्याच गावचा निघाला. बौद्धवाड्यातला, शाळेत मागच्या बाकावर बसायचा. ती पोरं मागंच काहून बसत, हे तेव्हा मला कधी सुचलं नाही.

"पानी पेतं का?" म्हणत त्यानं आपली बाटली पुढं केली. मी तोंड लावून प्यालो. मग त्यानं विचारलं, "तुमच्या वावरातली विहीर हाये का अजून?"

पाणी घशातच राहिलं.

१९७३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीची विहीर आटली होती. आमच्या विहिरीला पाणी होतं. माझा बाप तसा दयाळू, नाही म्हणाला नाही. पण बादलीला त्यांनी हात लावायचा नाही. मी तेरा वर्षांचा, काठावर उभा राहून ओतायचो. याचा बाप खाली वाकून ओंजळ धरायचा. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, सदऱ्याची बाही भिजायची. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, अन् मी त्याला अरे-तुरे करायचो.

मास्तरांनी संविधानाचं सतरावं कलम शिकवलं होतं, अस्पृश्यता नष्ट झाली म्हणून. घरी येऊन मी बापाला सांगितलं. तो म्हणाला, "ते सरकारी विहिरीचं. ही आपली हाये."

बापाला कायदा ठाऊक नव्हता, पण पळवाट बरोबर सापडली होती. पंधराव्या कलमात विहिरी-तलाव येतात ते सरकारी पैशावर चालणारे, नाहीतर लोकांसाठी खुले केलेले. महाडचं चवदार तळं खाजगी आहे, असंच विरोधकांनीही कोर्टात म्हटलं होतं. बाबासाहेब तिथं पाणी प्याले १९२७ ला, मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला १९३७ ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! सतराव्या कलमात मात्र सरकारी-खाजगी काहीच नाही. अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायची नाही, एवढंच. म्हणजे ते आमच्या विहिरीवरही लागू होतं. बापाला अन् मलाही.

मापारी पोतं काट्यावरून उतरवायला सांगत म्हणाला, "बाबा सांगत जाये, तू हळू ओते म्हणून. बाकीचे भसकन ओतत." हे त्यानं कौतुकानं सांगितलं की कसं, मला कळलं नाही. माझी मान काही वर झाली नाही. वजनाची चिठ्ठी घेऊन निघालो.

आमच्या घरी मजुरांचा स्टीलचा ग्लास अजूनही मागच्या दाराच्या खुंटीवर वेगळा असतो. कोणी कधी काही म्हटलेलं नाही, पण घरच्या भांड्यांत तो मिसळत नाही. मी तो रोज पाहत होतो. त्या रात्री काढून मांडणीत ठेवला. बायको काही बोलली नाही.

सकाळी तो पुन्हा खुंटीवर.

मी तो तिच्यापुढं ठेवला, म्हटलं चहा दे.

"ह्याच्यात?"

"ह्याच्यातच."

ती बराच वेळ गॅसपाशी तशीच उभी राहिली.