रक्त गेलं कुठे?

कुत्रं तपासायला आलं की मी आधी त्याचा वरचा ओठ उचलतो. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत तिचा गुलाबी रंग परत यायला हवा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतली बाजू बघावी लागते. ती पांढुरकी दिसली की मालक विचारतात, "डॉक्टर, रक्त वाढायचं टॉनिक देताय ना?"

टॉनिक देणं सोपं आहे. पण रक्त कमी होणं हा आजार नव्हे, ती आजाराची खूण. रक्त वाहून जातंय, अंगातच फुटतंय, की तयारच होत नाहीये? एवढं कळेपर्यंत लोहाच्या बाटलीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पेशी फुटत असतील तर त्यांतलं लोह शरीरातच राहतं. ते वरून ओतून काय साधणार?

माझा सगळ्यात जास्त भरवसा काडीहून बारीक अशा एका काचेच्या नळीवर आहे. तिच्यात थोडं रक्त घ्यायचं, एक टोक बुजवायचं आणि सेंट्रीफ्यूजमध्ये काही मिनिटं फिरवायचं. तांबड्या पेशी तळाशी बसतात. निरोगी कुत्र्यात त्यांचा थर साधारण ३७ ते ५५ टक्के भरतो. आकडा सगळेच बघतात, मी नळी उजेडात धरून वरचा द्रवही निरखतो. तो पिवळाजर्द असेल तर काविळीची शंका येते: पेशी फुटताहेत किंवा यकृत बिघडलंय. नमुना नीट घेऊनही तो लालसर दिसला, तर पेशी रक्तवाहिन्यांतच फुटताहेत. द्रव स्वच्छ, पण त्यातली प्रथिनंही उतरलेली असतील, तर रक्त कुठेतरी वाहतंय. मग डांबरासारखी काळी शी होते का, घरात उंदराचं औषध ठेवलं होतं का, हे विचारायचं.

आपल्याकडे पहिला संशय गोचिडांवर घ्यावा लागतो. अंगावर एकही गोचीड नाही, म्हणून गोचीड ताप नाही, असं होत नाही. ती चावून कधीच गळून पडलेली असते. मी कानाच्या टोकाला सुई टोचून आलेल्या थेंबाची स्लाइड करतो, कारण बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्तात बबेसिया हा गोचीड तापाचा परजीवी सापडण्याची शक्यता जास्त. त्यातही बबेसिया जिब्सनी फार लहान. तांबड्या पेशीच्या आत जांभळा ठिपका आणि त्याला निळसर कडी, एवढंच दिसतं. दिसलं की मालकांनाही मायक्रोस्कोपमधून दाखवतो. नाही दिसलं आणि संशय राहिला, तर पीसीआर करायला सांगतो. सोबत एर्लिशिया हा गोचिडांतूनच येणारा जीवाणू असेल तर प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येतं, आणि आजार रेंगाळला तर अस्थिमज्जाच थकते. एर्लिशियावरचं डॉक्सीसायक्लिन बबेसियाला एकटं पुरत नाही, म्हणून नेमकं नाव कळायला हवं.

काही कुत्र्यांत शरीरच स्वतःच्या पेशी फोडतं. सलाइनमध्ये मिसळूनही स्लाइडवर तांबड्या पेशींचे पुंजके सुटत नाहीत, तेव्हा हा विचार पुढे येतो. तिथे स्टिरॉइड प्राण वाचवतं. पण गोचीड ताप तपासल्याशिवाय ते सुरू करणं मला पटत नाही.

पिल्लांचं दुखणं वेगळं. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात आणि विष्ठेत अंडी दिसण्याआधीच पिल्लू पांढरं पडतं. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून तिथे थांबू नये. म्हातारं कुत्रं असेल तर रक्त कमी तयार होतंय का, हे कळण्यासाठी मूत्रपिंडं तपासावीत.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. आठवड्यातून एकदा कुत्र्याची हिरडी बघा. लघवी चहाच्या रंगाची झाली तर ती स्वच्छ बाटलीत घेऊन या. कांदा-लसूण घातलेलं जेवण दिलं असेल तर न लाजता सांगा, कारण त्यानंही पेशी फुटतात. आणि टॉनिक मागण्याआधी स्लाइड करायला सांगा.