भीमाशंकरच्या वाटेवरील नानकटाई

पुण्याहून नाशिक रस्त्याने सुमारे साठ किलोमीटर गेले की मंचर लागते. कांदा-बटाट्याच्या या मोठ्या बाजारपेठेतून डावीकडे वळले की घोडेगाव आणि पुढे डिंभे धरण. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याने धारण केले, ते मूळ गाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १९३० साली प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. पुढे रस्ता चढू लागतो, हिरड्याची झाडे दाट होतात. येथील आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करून विकतात. त्यावर अनेक घरांचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागतो. १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रानात शेकरू राहते आणि भीमा नदी उगम पावते.

बँकेच्या नोकरीत या खोऱ्यात माझी काही वर्षे गेली. याच वाटेवरील एका बाजारगावात तेव्हा एक लहानसे पेस्ट्रीचे दुकान होते. बिनअंड्याची पेस्ट्री, खारी आणि साजूक तुपातील नानकटाई एवढाच माल. भट्टीत अंडे कधी आले नाही, त्यामुळे आपल्या मंडळींना ते हक्काचे ठिकाण वाटे. थोरले शेठ मोजके बोलत. एखाद्या दिवशी नानकटाई मनासारखी उतरली नाही, तर “आजचा घाणा जमला नाही, उद्या या,” असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवीत. सोयरिकीच्या बैठकीला त्यांचा डबा नेला की निराळे काही न्यावे लागत नसे.

आता दुकान मोठे झाले आहे. शनिवार-रविवारी आणि श्रावणात मोटारींची रांग लागते. डब्यावर मंदिराचे चित्र आले, “तीच जुनी चव” असे शब्द आले. चव मात्र ती राहिली नाही. नानकटाई जिभेवर विरघळत नाही, टाळूला मेणासारखा थर धरते. डब्यामागील बारीक अक्षरे वाचली, तर मैदा आणि साखरेच्या मागोमाग वनस्पती तूप. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे साजूक तूप किती उरले, हे त्या यादीच्या शेवटाकडे पाहून कळते.

धाकट्या शेठना मी हे बोलून दाखविले. ते रागावले नाहीत. “काका, खऱ्या तुपाचा भाव सांगितला, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. कामगारांचे पगार थांबत नाहीत,” असे म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खेळत्या भांडवलाची ओढाताण समजते. मी एवढेच म्हणालो, की दोन्ही प्रकार ठेवा, दोन भाव लावा आणि तसे ठळक लिहा. वनस्पती तुपातील माल विकण्यात अपराध नाही. कायद्याने २०२२पासून त्यातील ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादाही घातली आहे. मला खटकते ते जुन्या नावाच्या डब्यातून नवा माल देणे.

हिशेबशास्त्राचा एक नियम आपल्या घराघरांत ठाऊक असावा. स्वतः कमावलेले गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. दुसऱ्याचा धंदा घेताना त्यासाठी पैसे मोजले, तरच ते वहीत येते. म्हणूनच वडिलांची साख खर्ची पडू लागली, तरी त्या वर्षीच्या नफ्यात ती घट दिसत नाही. विक्री उलट वाढलेली दिसते, कारण वाटसरू एकदाच येतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक तक्रार न करता यायचे थांबते.

वाचकहो, भीमाशंकरला जाताना आणखी एक ध्यानात ठेवावे. डब्यावरील हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कांदा, लसूण वा बटाटा नाही, असे ते सांगत नाही. पॅटिस घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. आमच्या घरी आता नानकटाई घरच्या तुपातच होते. आकार थोडा वेडावाकडा येतो. धाकट्या शेठनी दुसरा भाव लावलेला डबा ठेवला, तर तो घेणाऱ्यांत पहिला मी असेन.