वाडी, वादी आणि नऊवारी

'वाडी' आणि 'वादी' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. वाडीपायी सख्खे भाऊ कोर्टात वादी-प्रतिवादी होतात, हे आपण रोज पाहतो. पण चामड्याच्या वादीने अख्खं जव्हार मिळवणारा पुरुष आमच्याच मुलखात होऊन गेला. त्याचं नाव जयबा मुकणे.

ही गोष्ट मला लहानपणी सांगितली ती आत्याने. आत्या मूळची आमची बोईसरची, लग्नानंतर जव्हारची झाली. जयबा हा कोळी सरदार. थळ घाटाजवळ मुकणे इथे त्याची मातीची गढी होती. एकदा पिंपरीच्या देवस्थानाला गेला असताना तिथे त्याला 'जव्हारचा राजा' म्हणून मुजरा झाला. (मला देवळाबाहेर फक्त "साहेब, सुट्टे आहेत का?" एवढंच विचारतात.) जयबाने ते मनावर घेतलं. माणसं जमवली, पेठ-धरमपूर करत सुरतेवरून काठेवाडात गेला, तिथे सात वर्षं काढली आणि परत येऊन जव्हारच्या वारली राजाकडे मागणी केली, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. वारली राजा भला माणूस, हो म्हणाला. जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, टोकाला टोक जोडलं आणि राजाच्या गढीभोवतीच फिरवल्या!

इथे आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो. आत्या वाजवत नसे. ती म्हणायची, "आणि वारल्याचं काय झालं, ते कोणी विचारत नाही."

पुढे कॉमर्स झालो, बँकेत चिकटलो आणि कळलं, की कार्थेजच्या डायडो राणीबद्दलही हीच गोष्ट सांगतात. कातडं तेच, फक्त समुद्र वेगळा. एका दुपारी काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून हिशेब करून पाहिला. कातडं चार चौरस मीटर धरलं, तर गुंठ्याचा पंचविसावा हिस्साही होत नाही. पण त्याच्याच दोन मिलिमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या तर लांबी भरते दोन किलोमीटर, आणि ती गोल फिरवली तर आत सुमारे 79 एकर! चक्रवाढ व्याजानेसुद्धा इतकं होत नाही. गोलच फिरवायची बरं का; चौकोनात फिरवली तर 17 एकर हातचे जातात.

जयबाचा मुलगा नेमशाह. त्याला 5 जून 1343 या दिवशी दिल्लीच्या सुलतानाकडून 'राजा' हा किताब मिळाला आणि जव्हारने त्या दिवसापासून आपला स्वतंत्र शकच सुरू केला. तेव्हा बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा वसूल होता, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुढे मराठ्यांनी लचके तोडले, तरी 1948 साली विलीनीकरण झालं तेव्हा 310 चौरस मैल शिल्लक होते. सहाशे वर्षं एकाच घराण्यात! आमची सव्वा एकराची वाडी आजोबांच्या तेराव्यापर्यंतही एकदिलाने टिकली नाही.

वाडी आजोबांनी स्वतः घेतलेली. वारस तीन, बाबा, काका आणि आत्या. 1956च्या वारसा कायद्याने आत्याचा वाटा साडेसोळा गुंठ्यांहून थोडा जास्तच. पण 1989 साली बाबांनी तिला हिरवी नऊवारी साडी दिली आणि म्हणाले, "माई, एवढी सही कर." तिने केली. पेन मीच पळत जाऊन आणून दिलं होतं. दहा वर्षांचा होतो, कामाला आल्याचा आनंद झाला होता.

आता तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरच्या मातीला भाव आला आहे. वाडीला गिऱ्हाईक लागलं. गिऱ्हाइकाच्या वकिलाने तो जुना कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं हक्कसोडपत्र. चणे बांधायला बरं. नवीन करून आणा. घरात एकमताने ठरलं, की बँकेतल्या माणसाला कागदपत्रांचं कळतं, त्याला पाठवा. (आमच्या घरात एवढं एकमत पूर्वी कधी झालेलं नाही.) मसुद्यावर तिची सही घ्यायची, मग रजिस्ट्रारकडे नेण्याचं बघता येईल.

मनोर, विक्रमगड करत एस.टी. घाट चढली. पिशवीत पेढे आणि पेढ्यांखाली कागद. आत्या आता ऐंशीची. चहा झाला, पेढे झाले. मी उगाचच जयबाचा विषय काढला आणि विचारलं, "आत्या, त्या वारली राजाचं शेवटी काय झालं गं?"

"जयबाने त्याला गंभीरगड दिला, आजूबाजूचा मुलूख दिला," आत्या म्हणाली. "सगळं घेतलं, पण अगदी हात हलवत नाही पाठवला."

मग जरा थांबून म्हणाली, "माझी ती हिरवी साडी आठवते का तुला? विटली, तेव्हा फाडून गोधडीत घातली. आत आहे बघ. नऊ वार म्हणजे पुष्कळ असतं रे, सगळी वाडी मावली त्यात." आणि हसली. खरंच हसली, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

नंतर चष्मा पुसत म्हणाली, "आण तो कागद. पेढ्यांना कागदाचा वास येतोय मघापासून. कुठे करायची सही?"

मी खिसा चाचपला. पेन होतं.

"आत्या," मी म्हटलं, "पेन विसरलो बघ."

"बँकेत तेवीस वर्षं काढलीस आणि पेन विसरलास?"

"हो ना."

आत्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर चढवून नीट पाहिलं, आणि आणखी चहा टाकायला आत गेली.